वाट मागणारी घंटा

मी एक जुनी घंटा आहे, पण शाळेतली नव्हे. हे आधीच सांगून टाकते, कारण मला पाहणारा प्रत्येक जण तीच चूक करतो. शाळेची घंटा वाजली की मुले धावत सुटतात. मी वाजले की धावणारी माणसेसुद्धा जागच्या जागी थांबत. मी आगीच्या बंबावरची घंटा, मित्रांनो. पितळेची, जाड ओठांची आणि खरे सांगायचे तर जरा तोंडाळ. हळू बोलणे मला जन्मात जमले नाही. आज मात्र जे सांगायचे आहे ते सांगताना माझाच आवाज मला बसल्यासारखा वाटतो. जे घडले ते माझ्या डोळ्यांदेखत घडले, तरी अजून मला ते खरे वाटत नाही.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. वितळलेले पितळ वाळूच्या साच्यात ओतले गेले, मी निवले, आणि साचा फोडून बाहेर काढल्यावर म्हाताऱ्या ओताऱ्याने बोटाच्या पेराने मला टकटक केले. लगेच त्याने नाक मुरडले.

"हिचा आवाज काही गोड नाही," तो म्हणाला.

"गोड हवाय कुणाला?" कारखान्याचा मालक म्हणाला. "बंबावर जायचीय ती. गोड बोलून कधी कुणाला वाट मिळालीय का?"

तेव्हा मला थोडे वाईट वाटले. जन्मल्या जन्मल्या कोणी आपल्या आवाजाला नावे ठेवली तर तुम्हालाही वाटेल.

मला शहरातल्या बंबखान्यात आणले आणि लाल बंबाच्या कपाळावर, चालकाच्या डोक्याशेजारी बसवले. माझ्या जिभेला दोरी बांधली. चालकाला सगळे अण्णा म्हणत. अण्णा बोलण्यात भारी कंजूष. त्यांच्या मिशीचा एक कोपरा कुठल्याशा आगीत होरपळला होता, तो पुन्हा कधी नीट उगवला नाही. त्यांच्या शेजारी बसून माझी दोरी ओढणाऱ्याला बडबड्या म्हणत, आणि का म्हणत ते सांगायला नको. अण्णांच्या वाटचेही तोच बोलून घेई. बंबखान्याच्या मागेच अण्णांचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड होते. बायको लवकर गेलेली, पाठीमागे एकुलती एक लेक. ती बंबाच्या पायरीवर बसून पाढे पाठ करी, आणि पाढा चुकला की बडबड्या मला हळूच एक टोला देई. पुढे ती खालच्या वस्तीतल्या शाळेत शिकवू लागली आणि सगळ्या वस्तीची ताई झाली. मग आम्हीही तिला ताईच म्हणू लागलो.

ते दिवस काय सांगू! मी एकदा तोंड उघडले की रस्ता मोकळा झालाच म्हणून समजा. हातगाडीवाला हातगाडी फुटपाथवर चढवी, मंत्र्याची मोटार कडेला उभी राही, अंत्ययात्रासुद्धा थांबे. एकदा भर चौकात दोन दुकानदारांची मारामारी जुंपली होती. मी वाजले. दोघेही एकमेकांची गचांडी न सोडता तसेच कडेला सरकले, आम्ही पुढे गेलो, आणि मग त्यांनी उरलेली मारामारी पुरी केली. मला या गोष्टीचा फार अभिमान होता. आग कोणाच्या घराला लागली, तो कोणत्या बाजूचा, चांगला की वाईट, असे कोणी विचारत नसे. कोणाचे तरी घर जळते आहे, एवढे कळले की पुरे. वर्तमानपत्रात अण्णांचा फोटो आला होता, माझा कधी आला नाही. पण तो मोकळा झालेला रस्ता हीच माझी शाबासकी होती.

मग खालच्या वस्तीचे पाणी तुटले. सरकारने वरच्या अंगाला नवी वसाहत वसवली. तिच्या बागा आल्या, तिची कारंजी आली. एवढे पाणी आणायचे कुठून? खालच्या वस्तीच्या नळांतून. आधी नळ दिवसाआड आले, मग आठवड्याने, मग नुसते खोकू लागले. माणसे नाल्याकाठी खड्डे खणून त्यातले पाणी भरू लागली. ताईच्या शाळेत पोटाची साथ आली. आजारी पडलेली काही मुले बरी होऊन बाकावर परतली आणि काही परतलीच नाहीत. ताई बंबखान्यातून रोज दोन बादल्या भरून शाळेत नेई. त्यावरही वरून विचारणा झाली, की सरकारी पाणी खासगी कामाला कसे वापरता?

लोकांनी काय केले नाही? अर्ज दिले. त्या अर्जांचे काय झाले हे विचारणारे दुसरे अर्ज दिले. पाणीखात्याच्या साहेबांना भेटायला गेले, तर साहेब दौऱ्यावर; दौऱ्यावरून परतले, तर बैठकीत. कचेरीसमोर शांतपणे बसून राहिले, तर त्यांच्याभोवती दोर बांधून रहदारी दुसरीकडून वळवली गेली. ताईने मुलांकडून कोरड्या नळांची चित्रे काढून घेतली आणि साहेबांना पाठवली. चित्रे छान आहेत, मुलांचे कौतुक करावे तितके थोडे, असे उत्तर आले. शेवटी वस्तीने ठरवले, की रिकाम्या बादल्या घेऊन सगळ्यांनी कचेरीवर जायचे आणि पाणी मिळेपर्यंत तिथून हलायचे नाही.

त्या दिवशी सकाळी बंबखान्यातला फोन वाजला. अण्णांनी तो उचलला आणि नेहमीसारखे विचारले, "आग कुठंय?" पलीकडून काय उत्तर आले कोण जाणे. अण्णा बराच वेळ नुसते ऐकत राहिले. मग फोन ठेवून म्हणाले, "चल. हुकूम आहे." बडबड्याने आग कुठे आहे म्हणून पुन्हा पुन्हा विचारले. अण्णांनी गाडी सुरू केली.

कचेरीचा रस्ता माणसांनी गच्च भरला होता. जिकडे पाहावे तिकडे बादल्या. पाणीखात्याचे साहेब आधीच नाक्यावर आमची वाट पाहत उभे होते, बरोबर पोलीस. साहेब चढून अण्णांच्या शेजारी बसले.

"घंटा वाजवा," ते म्हणाले.

"पण साहेब, आग..." बडबड्या म्हणाला.

"वाजवा हो. घंटा ऐकली की लोक आपोआप सरकतात."

बडबड्याने अण्णांकडे पाहिले. अण्णांनी समोर पाहिले. दोरी ओढली गेली.

आणि मित्रांनो, लोक सरकले! स्वतःचे घसे कोरडे पडलेली ती माणसे "सरका, सरका, कुठंतरी आग लागलीय" म्हणत एकमेकांना मागे रेटू लागली. बायांनी बादल्या उचलून डोक्यावर घेतल्या. एकाने बंब दिसावा म्हणून आपल्या पोराला खांद्यावर बसवले. आणि सगळ्यांत पुढे होऊन, दोन्ही हात पसरून वाट करत होती आमची ताई. "बंबाला वाट द्या! आपलं नंतर, आधी बंबाला जाऊ द्या!" ती ओरडत होती. बंबवाल्याचीच लेक ती, तिला हे कोणी शिकवावे लागले नव्हते. अण्णांनी तिला पाहिले. पण बंब थांबला नाही.

गर्दीच्या मधोमध, कचेरीच्या फाटकासमोर बंब उभा राहिला. पोलिसांनी पाइप ओढून सोडवला आणि गर्दीवर रोखला. साहेबांनी भोंगा तोंडाशी धरला.

"पाणी मागायला आलात ना? घ्या पाणी!"

आणि झोत सुटला.

बंबाच्या झोताला काय जोर असतो हे तुम्हाला ठाऊक नसेल. तो भिंतीचा गिलावा उडवतो. खांद्यावरचे पोर खाली आपटले. कोपऱ्यावरच्या पाववाल्याच्या डोळ्यावर झोत बसला. तो डोळा पुढे कधीच उघडला नाही. पळणारी माणसे बादल्यांना अडखळून पडली आणि पडलेल्यांवरून बाकीची पळाली. या सगळ्या आकांतात वस्तीतली एक म्हातारी झोताच्या कडेला बादली धरून उभी होती. लोकांच्या घरी आणि कचेऱ्यांत झाडलोट करून पोट भरणारी ती, सगळे तिला मावशी म्हणत. "वाया कशाला घालवायचं?" ती शेजारणीला म्हणाली. शेजारीण तोवर पडली होती. मावशीची बादली भरत होती. मी हे पाहून सुन्न झाले. इतक्या आगी पाहिल्या होत्या मी, पण माणसांनी माणसांवर पाणी असे फेकलेले मी कधी पाहिले नव्हते. आणि ज्या वाटेने हे पाणी आले ती वाट माझ्यावर विश्वास ठेवून दिलेली होती, हे तर माझ्या डोक्यातच शिरेना.

ताई चिंब भिजून रस्त्याच्या मधोमध उभी होती. लोक पळता पळता तिच्याकडे पाहत होते. एक जण तिच्या पायाशी थुंकून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बंबखान्यात आली. अण्णा पाइप वाळत घालत होते. तिने तोंड उघडण्याआधीच ते म्हणाले, "हुकूम होता."

"हुकूम तुम्हाला होता, बाबा. वाट मी दिली."

अण्णा पाइप उलगडत राहिले.

"वस्तीत काय चाललंय माहितीय? अर्ज झाले, बसून झालं, भिजूनही झालं. आता कचेरीला काडी लावायची म्हणतायत. आणि मला नको म्हणता येईना."

अण्णांनी पाइप खाली ठेवला. त्या दिवशी ते जेवढे बोलले तेवढे मी त्यांना एका दमात बोलताना कधी ऐकले नव्हते. "ऐक पोरी. चुलीतून उडालेली आग मी पाहिलीय, वायरीची पाहिलीय आणि मुद्दाम लावलेलीही पाहिलीय. लावणाऱ्याला नेहमी वाटतं, मी सांगेन तेवढंच जळेल. आगीला कारण कळत नाही गं. ती वाऱ्याची बाजू घेते, माणसाची नाही."

"आणि पाणी? काल पाण्यानं कुणाची बाजू घेतली?"

अण्णांनी पाइप पुन्हा हातात घेतला.

"माझ्या वर्गातली पोरं गेली, तेव्हा कुणी त्याला हिंसा म्हणालं नाही," ताई म्हणाली. "नळ बंद करणाऱ्याच्या हाताला रक्त लागत नाही, एवढंच. आणि आम्ही चार भिंती जाळल्या की आम्ही लगेच गुंड. दार ठोठावून ठोठावून हात सोलले बाबा. आता दारच काढायचं राहिलंय."

"काढ. पण दाराआड कोण आहे ते बघून तरी काढ."

"कुणी नसेल. आम्ही काय माणसं जाळणारे आहोत?"

"मी पुन्हा गर्दीवर बंब नेणार नाही," अण्णा हळूच म्हणाले. "नोकरी गेली तरी बेहत्तर."

"हे काल म्हणायला हवं होतं," ताई म्हणाली आणि निघून गेली. बडबड्या तिथेच चाक पुसत बसला होता. त्याने ते एकच चाक संध्याकाळपर्यंत पुसले.

मी दोघांचेही ऐकले होते, मित्रांनो, आणि मला दोघांचेही पटले होते. याचेच मला भय वाटत होते.

पुढचे काही मी पाहिले, काही नंतर बडबड्याच्या तोंडून ऐकले. वस्तीने सुट्टीचा दिवस निवडला. इमारत जाळायची, माणसाला धक्का लावायचा नाही, हे सगळ्यांना मान्य होते. म्हणून कचेरीत कोण कोण असते याचा त्यांनी नीट विचार केला. साहेब घरी. कारकून घरी. पहाऱ्यावरच्या शिपायाला कोणीतरी चहाला नेऊन गप्पांत गुंतवले. ताईने स्वतः फाटकाशी जाऊन खिडक्या पाहिल्या, सगळ्या बंद होत्या. "आत कुणी नाही," ती म्हणाली. तिच्या शब्दावर काडी ओढली गेली.

मावशीला कोणी हिशेबात धरलेच नव्हते. कचेरी बंद असते तेव्हाच तिथली फरशी धुवायची असते, हे मावशीच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. त्या गर्दीतल्या कित्येकांनी सकाळी तिला कुंचा घेऊन जाताना पाहिले होते. पण कचेरीत कोण असते असे म्हटल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे खुर्च्या आल्या. फरशी कोणाच्या डोळ्यांपुढे आली नाही.

खालच्या मजल्यावर कागदांचे ढीग होते. त्यात वस्तीचे अर्ज तर वाट पाहून पाहून वाळूनच गेले होते. बघता बघता जिना पेटला. लोक टाळ्या पिटत होते, घोषणा देत होते. तेवढ्यात वरच्या मजल्याची खिडकी उघडली आणि मावशी दिसली. तिच्या हातात बादली होती. तिने ती खिडकीतून खाली आगीवर ओतली आणि आणखी पाणी आणायला आत वळली. काही जण म्हणे आधी हसले. मग पुढच्या रांगांतले हसू एकदम थांबले.

बंबखान्यात फोन वाजला. "आग कुठंय?" अण्णांनी विचारले, आणि या वेळी उत्तर आले. आम्ही निघालो. मी पूर्वी कधी वाजले नव्हते तशी वाजत होते. चौक वळलो, तर समोर माणसांच्या पाठी. पाठी वळल्या, चेहरे झाले. त्यांनी मला पाहिले, मला ऐकले, आणि कोणी जागचे हलले नाही.

असे माझ्या आयुष्यात कधी झाले नव्हते. मी वाजते आहे आणि माणूस हलत नाही! मला वाटले, मला तडा गेला असावा, माझा आवाज निघत नसावा. पण तसे नव्हते. त्यांना मी नीट ऐकू येत होते.

"पुन्हा आले! पाइप घेऊन आले!" कोणीतरी ओरडले. लोक हातात हात गुंफून रस्त्यावर बसले.

"अहो, आग आहे! देवाशपथ, फक्त आगीवरच पाणी मारणार!" बडबड्या ओरडला.

"त्या दिवशी पण हीच घंटा वाजवली होती!"

पुढच्या रांगांना खिडकीतली मावशी दिसत होती. बंबाला येऊ द्या म्हणून त्या ओरडत होत्या. ताई गर्दी फाडत मागे येत होती. "वाट द्या! मावशी आत आहे! बंबाला वाट द्या!" तिचा घसा फाटत होता. पण मागच्यांना ते ऐकू जात नव्हते, कारण मी वाजत होते. बडबड्या जीव खाऊन दोरी ओढत होता आणि माझ्या घणघणाटात तिचा आवाज बुडत होता. आणि ज्या थोड्यांना ऐकू गेले, ते म्हणाले, "मागच्या खेपेलाही हिनंच वाट करायला लावली होती." ते खोटे तरी कुठे होते?

अण्णांनी बंब थांबवला. कुऱ्हाड आणि दोर घेतला आणि खाली उतरले. "तू गाडी सोडू नकोस," बडबड्याला म्हणाले. गर्दीने बंब अडवला होता; एकट्या माणसाला अडवले नाही. कोणीतरी त्यांच्या पाठीत दगड मारला. त्यांनी वळून पाहिले नाही.

गर्दीच्या मधोमध बापलेकीची गाठ पडली. काय बोलणे झाले ते ताईने पुढे सांगितले. त्यांनी तिला फक्त एवढेच विचारले, "दुसरा जिना कुठल्या अंगाला आहे?"

"मला माहीत नाही, बाबा," ती म्हणाली. "आम्हाला कधी आत घेतलंच नाही."

अण्णा धुरात शिरले. थोड्या वेळाने मावशी खिडकीशी आली, तिच्या कमरेला दोर होता. ती भिंतीला घासत, लोंबकळत खाली आली आणि शेकडो हातांनी तिला झेलले. वर खिडकीत अण्णा दिसले. त्यांनी दोर वर ओढून घेतला, आपल्यासाठी तो बांधायला आत वळले, आणि छप्पर खाली आले.

तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. मग मात्र लोक उठले. गुंफलेले हात सुटले, बसलेली माणसे दोन्ही बाजूंना पांगली आणि नाक्यापासून फाटकापर्यंत सगळा रस्ता मोकळा झाला. बडबड्याने रडत रडत बंब पुढे घातला. पण ती वाट आता घेऊन मी काय करणार होते?

सरकारने जाहीर केले, की अण्णांना दंगेखोरांनी मारले. वस्ती म्हणाली, ज्यांनी घंटेला खोटे वाजायला लावले त्यांनी अण्णांना मारले. दोन्हीकडे अण्णांचे फोटो लागले, दोन्हीकडून हार आले. ताईने दोन्ही हार दाराबाहेर ठेवले. कोर्टात कोणी तिच्याविरुद्ध बोलले नव्हते, तरी ती आपणहून उभी राहिली. तिने सांगितले, की आत कोणी नाही असे मी म्हणाले आणि माझ्या शब्दावर काडी ओढली गेली. तिला शिक्षा झाली. साहेबांची बदली झाली.

आणि मित्रांनो, नळांना पाणी आले. सरकार घाबरले होते. खालच्या वस्तीत रोज सकाळी पाणी येऊ लागले, साथ ओसरली, शाळेची बाके भरली. जे एवढ्या अर्जांनी झाले नाही ते एका काडीने झाले. हे तुम्हाला सांगू नये असे मला पुष्कळदा वाटले. आत्मवृत्तातून मुलांना चांगला बोध मिळावा लागतो, आणि यातून कोणता बोध घ्यावा हे मलाच कळत नाही. पण हे लपवले तर मी पुन्हा एकदा खोटी वाजले असे होईल.

शिक्षा भोगून ताई परत आली ती अण्णांचे सामान न्यायला. मावशी तिच्याबरोबर होती. दोघी बंबाच्या पायरीवर बसल्या.

"मावशी, पाणी आलं," ताई म्हणाली. "मग आमचं बरोबर होतं की चूक?"

"मला विचारतेस? मला आत ठेवून लावलीत तुम्ही." मावशी कोणाची भीडभाड ठेवणारी नव्हती. मग तिने ताईच्या पाठीवरून हात फिरवला. "पाणी पिते मी. खोटं कशाला बोलू, बरं वाटतं. पण घोट घेताना तुझा बाप आठवतो. आणि नळ कोरडे होते तेव्हा गेलेली लेकरंही आठवतात. यातलं एक विसर म्हणून मला कुणी सांगू नये. तू पण नाही आणि ते सरकार पण नाही."

ताई मावशीच्या मांडीवर डोके ठेवून रडली. बडबड्या दाराआड उभा राहून रडला.

आता बंबावर नवा भोंगा बसवला आहे. मला काढून बंबखान्याच्या दारावर टांगले आहे. येणारेजाणारे मला शाळेची घंटा समजतात. भोंगा माझ्यापेक्षा दसपट ओरडतो, पण त्याचाही काही उपयोग नाही. खालच्या वस्तीत बंब शिरला की लोक दारात येतात आणि तसेच उभे राहतात. बंबाला कोणी वाट देत नाही. ताई कोर्टात स्वतःविरुद्धही खरे बोलली, म्हणून आता सगळे तिच्याकडे पाहतात आणि विचारतात, "ताई, खरंच आग आहे का?"

ताई ऐकीव गोष्टीवर कधीच हो म्हणत नाही. एकदा आत न बघता बोलली होती, तेवढे तिला पुरले. ती धूर दिसतो तिकडे धावत जाते. पुढचे दार बघते, मागचे दार बघते, आत कोण आहे ते हाका मारून विचारते, आणि धावत परत येते. "आहे. आग आहे. माणसं आहेत," ती म्हणते. मग लोक लगेच सरकतात.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. मला घासून चकचकीत केले नाही तरी चालेल. तुम्ही मोठे व्हाल, तेव्हा कोणाच्या हाती नळाची चावी येईल, कोणाच्या हाती काडी येईल, कोणाच्या हाती माझ्यासारखीची दोरी येईल. काडी ओढावी की नाही हे सांगण्याइतकी शहाणी मी नाही. पण ओढणाऱ्याने आत कोण आहे ते फरशीपर्यंत वाकून बघावे. आणि दोरीवाल्या मित्रांनो, कोणाचाही हुकूम असो, आग नसताना ती ओढू नका. गेल्या खेपेला शिंप्याच्या घराला आग लागली, तेव्हाही ताई धावत गेली आणि धावत परत आली. आता तिलाही दम लागतो. लोक तिची वाट पाहत उभे होते, बंब तिची वाट पाहत उभा होता. आगीने मात्र तिची वाट पाहिली नाही.